पगार कुणाला म्हणायचं?

(मालवण येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सकाळी आपण सगळ्यांनी नावनोंदणीचा कागद भरला. नाव, गाव, वय, शिक्षण, काम आणि शेवटचा रकाना पगाराचा. चहाच्या सुट्टीत मी ते कागद चाळत बसले होते. कामाचा रकाना सगळ्यांनी भरलाय. शेती, मासळी विकणं, काजू सोलणं, अंगणवाडी, आशा, शाळेत खिचडी शिजवणं, घरकाम. पगाराचा रकाना मात्र बहुतेक कागदांवर कोरा आहे. काहींनी नुसती रेघ ओढलीय. एकीनं लिहिलंय, 'लागू नाही'. आणखी एकीनं लिहिलंय, 'पगार नाही, मानधन'.

देवगडकडून आलेल्या एका ताईंना मी विचारलं, रकाना रिकामा का ठेवलात? त्या हसल्या. म्हणाल्या, "माका खयचो पगार? पगार घोवाक होतो, मुंबयत. मी आपली घराकच आसतंय." मग मी खोदून विचारत गेले. भात आहे, थोडी नाचणी आहे, दोन म्हशी आहेत, आंब्याची कलमं आहेत, सासू चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे. एवढं सगळं 'घराकच'.

मला आज समान वेतनाच्या कायद्यावर बोलायला सांगितलंय. मी त्यावर बोलणारच आहे. पण हे कागद बघितल्यावर वाटलं, कायद्याच्या आधी या एका शब्दावर बोलावं. पगार. हा शब्द आला कुठून, त्याच्या पोटात काय आहे, आणि तो आपल्यापैकी इतक्या जणींच्या रकान्यात का उतरत नाही?

पगार हा मूळचा मराठी शब्द नाही, पोर्तुगीज आहे. आपल्या किनाऱ्यावर त्यात नवल काही नाही. आपण पाव खातो, चावीनं कुलूप उघडतो, कोबी चिरतो, साबणानं हात धुतो, ते सगळे शब्द त्यांच्याकडचेच. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १९ डिसेंबर १९६१ ला ते सुटलं. साडेचारशे वर्षं आपल्या शेजारी त्यांचं राज्य होतं. वर चौल, वसई, दमण इथंही ते होते. राज्य म्हटलं की शिपाई आले, खलाशी आले, कारकून आले, आणि महिना भरला की त्यांना पैसे देणं आलं. पोर्तुगीजमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं, देणं फेडणं. 'पागा' म्हणजे दिलेला मोबदला. गोव्यात कोकणी बोलणारे अजून 'पाग' म्हणतात. आपण पगार म्हणतो, गुजरातीतही पगारच आहे.

या शब्दांचा माग काढणारा मोठा माणूस आपल्या शेजारचाच होता. बार्देशातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो. १८५५ साली जन्मले, धर्मगुरू झाले, कोकणीचे कोश केले. आशियातल्या भाषांमध्ये पोर्तुगीज शब्द कुठकुठे जाऊन बसलेत याचा त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये निघाला. १९३६ मध्ये बडोद्याहून त्याचं इंग्रजी भाषांतरही निघालं. ज्यांना हौस आहे त्यांनी तो जरूर बघावा. आपल्या स्वयंपाकघरातले आणि बाजारातले कितीतरी शब्द त्यात भेटतात.

पोर्तुगीजांनी तरी हा शब्द कुठून आणला? त्यांची भाषा लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये 'पाक्स' म्हणजे शांतता. त्यावरून क्रियापद झालं 'पाकारे', म्हणजे शांत करणं. प्रशांत महासागराचं 'पॅसिफिक' हे नाव त्याच घरातलं, आणि ते नाव ठेवणारा मॅगेलनही पोर्तुगीजच. आता शांत करण्यावरून पैसे देण्यावर हा शब्द कसा गेला? तर असा विचार करा. ज्याचं आपण देणं लागतो तो माणूस दारात उभा आहे, त्याचा जीव शांत नाही. त्याचं देणं दिलं की तो शांत होतो, दोघांत पुन्हा सलोखा होतो. म्हणून देणं देणं म्हणजे शांत करणं. इंग्रजीतला 'पे' हाही याच 'पाकारे'चा नातू, फ्रेंचमधून आलेला. म्हणजे साहेबाची पे-स्लिप आणि आपला पगार ही एकाच घरातली भावंडं.

हे काही फार परकं नाही. आपण तहान भागवतो आणि वाण्याची उधारीही भागवतो. भूक भागते, देणंही भागतं. आत जी तगमग आहे ती शांत होणं, हाच अर्थ दोन्हीकडे आहे.

आता यातली जी गोष्ट मला आज तुमच्यापुढे ठेवायची आहे ती ही. पगार या शब्दात, देणारा कबूल करतो की मी देणेकरी आहे. समोरच्याचं माझ्याकडे काहीतरी निघतंय. तो उपकार करत नाही, भेट देत नाही, खुशी म्हणून देत नाही. म्हणून पगार कमी आला तर माणूस विचारू शकतो, बाकीचे कुठे? भेट कमी आली तर कुणी विचारत नाही. भेट कमी म्हटलं तर आपणच लोभी ठरतो.

हे मनात ठेवून आपल्या कामांना काय काय नावं पडलीत ते बघूया.

घराचं बांधकाम चालू असतं तिथं जाऊन उभ्या राहा. भिंत बांधणारा तो मेस्त्री. हाही शब्द पोर्तुगीज, 'मेस्त्रे', आणि त्याच्या मागे लॅटिन 'माजिस्तेर', म्हणजे इतरांहून जास्तीचा, वरचा. शाळेतला मास्तर त्याचाच इंग्रजीकडून आलेला भाऊ. त्या मेस्त्रीला वाळू आणि सिमेंटचा माल कोण नेऊन देतं? डोक्यावर घमेलं घेतलेली बाई. घमेलंसुद्धा पोर्तुगीजच आहे, 'गामेला', आणि लॅटिनमध्ये ते पिण्याचं वाडगं होतं. वाडग्याचं घमेलं झालं आणि ते बाईच्या डोक्यावर येऊन बसलं. पण त्या बाईला काय म्हणतात? बिगारी. हा शब्द फारसीतल्या 'बेगार'वरून आलाय. बेगार म्हणजे काही न देता सक्तीनं करून घेतलेलं काम. आपला वेठबिगार तोच. आज तिला रोज मिळतो, पैसे मिळतात, पण नाव मात्र फुकट राबणाऱ्याचं. वर्षानुवर्षं माल कालवणाऱ्या बाईला भिंत कशी उभी करायची हे पाठ झालेलं असतं. पण थापी तिच्या हातात कुणी देत नाही, आणि म्हणून मेस्त्रीचा दरही तिच्या वाट्याला येत नाही.

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी लिलाव होतो. तिथं आपल्या बाया टोपल्या घेऊन उभ्या असतात. बोली लावतात, बांगडे घेतात, पेडवे घेतात, एसटीनं नाहीतर रिक्षानं आतल्या गावांत नेऊन विकतात. उरलं तर मीठ लावून सुकवतात. त्याला धंदा म्हणायचं. धंद्यात तोटा झाला तर तो तिचा. मासळी आली नाही तर त्या दिवशी चूल कशी पेटते ते तिचं तिला माहीत. मीठ म्हटलं म्हणून सांगते, इंग्रजीत पगाराला सॅलरी म्हणतात, त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'साल' म्हणजे मीठच आहे. आपल्याकडे मिठात हात घालून ज्यांची बोटं चरचरतात त्या बायांना मात्र सॅलरी नाही.

मग या जिल्ह्यात पगार कुणाला होता? मुंबईला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांचा हिशेब मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायचा. जाणते पुरुष गिरणीत, गोदीत, पोलिसात, खानावळीत. मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. त्याची खूण जनगणनेतही दिसते. २००१ मध्ये आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०७९ बायका होत्या, २०११ मध्ये १०३६. आपल्या मुली फार जपल्या जातात म्हणून हा आकडा असा नाही बरं! पुरुष पोटासाठी बाहेर गेलेत म्हणून तो असा आहे.

मनीऑर्डर आली की वाडीत विचारायचे, "पगार इलो?" तो आला की घर शांत व्हायचं. तोवर ज्या बाईनं तरवा काढला, चिखलात वाकून लावणी केली, जमीन पड पडू दिली नाही, म्हाताऱ्यांचं केलं, तिचं काम मात्र 'घराकच'. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. त्यातले कितीतरी आपल्या गावांना परत आले. पगार बंद झाला, तरी घरं उपाशी मेली नाहीत. कुणी जगवली ती? ज्यांना पगार नव्हता त्यांनीच. दुसऱ्याची लावणी करून, काजू फोडून, मासळी विकून, शेण थापून. गिरणीच्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं. पण इकडे भात कुणी शिजवला, तांदूळ कुठून आणला, हे आपणच आपल्या आयांना विचारून लिहून ठेवायला पाहिजे. त्या पिढीतल्या बाया आता थकल्यात.

आता माझ्या आईची गोष्ट सांगते. मी लहान असताना आई काजूच्या एका कारखान्यात जायची. भाजण्याच्या कामाला पुरुष असायचे. बी फोडायला, साल सोलायला, प्रतवारी करायला सगळ्या बायका. काजूच्या टरफलातल्या तेलानं बोटं काळी पडतात, कातडी सोलते. घरी आली की आई खोबरेल लावून हात उताणे ठेवून बसायची. आम्हांला जवळ घेताना मनगटानं घ्यायची, बोटं लागू द्यायची नाही. बायकांना किलोवर पैसे. अख्खा गर निघाला तर एक भाव, पाकळी झाली तर कमी, तुकडा झाला तर त्याहून कमी. शनिवारी पैसे वाटायचे. तेव्हा मुकादम पुरुषांना हाक मारायचा, "पगार घेऊक येवा." आणि बायकांना म्हणायचा, "हिशोब घेऊक येवा."

काटा बरोबर नाही असा बायकांना संशय होता. एका शनिवारी आई पुढे झाली. म्हणाली, "आमचो हिशोब आमका दाखवा. आणि काटो आमच्या फुड्यात तपासा." बाकीच्या मागे उभ्या राहिल्या. अर्धा तास कुणी जागची हलली नाही. मुकादम म्हणाला, सोमवारी बघू. रविवारी संध्याकाळी तो आमच्या घरी आला. पडवीत बसला, पाणी प्याला. जाताना आईच्या हातावर पन्नास रुपये ठेवले आणि म्हणाला, "ह्यां घे आणि गप रव."

जून महिना होता. माझी आणि माझ्या भावाची पुस्तकं घ्यायची होती. आईनं ते पैसे घेतले. सोमवारी ती कामावर गेली, बाकीच्या जणी तिच्याकडे बघत राहिल्या, आणि ती काही बोलली नाही. काटा होता तसाच राहिला. माझी वह्या-पुस्तकं त्या पैशांतून आली. मी शिकले, इथं उभी राहून तुमच्याशी बोलतेय, त्यात ते पन्नास रुपयेही आहेत. आई शेवटपर्यंत म्हणायची, "माका त्येनी दिल्यान ते माझ्या हाताचे पैशे नाय. माझ्या तोंडाचे." तिला लॅटिन कुठलं ठाऊक असणार? पण या शब्दाचा दुसरा अर्थ तिला बरोबर कळला होता.

कारण 'पाकारे'ला दुसरी बाजूही आहे. रोमन सैन्य एखादा मुलूख जिंकायचं, गावं जाळायचं, माणसं गुलाम करून न्यायचं, आणि मग म्हणायचं, हा मुलूख शांत केला. ज्युलियस सीझरनं गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, लढायांचं वर्णन लिहिलंय, त्यात हेच क्रियापद येतं. तेव्हा शांत करणं म्हणजे देणं देऊन समाधान करणं, आणि शांत करणं म्हणजे गप्प करणंही. मुकादमानं आईला दिलं ते या दुसऱ्या प्रकारचं. घराघरांतही हेच चालतं ना? 'पैसे देतो ना तुला घरखर्चाला? मग तोंड वर करून बोलू नकोस.' पोटगीच्या प्रकरणात गावातली चार माणसं बसतात, एक आकडा ठरवतात, आणि बाईला सांगतात, आता केस मागे घे, शांतता राख. इथं बसलेल्या कितीजणींनी हे वाक्य ऐकलंय, हात वर करा बघू. बघा, मी मोजायचीसुद्धा गरज नाही.

तेव्हा पैसे हातात पडले की आपण स्वतःला विचारायचं, हे माझ्या कामाचे आहेत की माझ्या गप्प बसण्याचे?

आता ज्या बाईनं 'पगार नाही, मानधन' असं लिहिलंय तिच्याकडे येते. अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस या कागदोपत्री मानसेवी. मुलांचं वजन घ्या, आहार द्या, गरोदर बायांच्या नोंदी ठेवा, पोलिओचा डोस आला की घरोघर फिरा, निवडणूक आली की याद्यांचं काम करा. हे सगळं करायचं, पण पगार म्हणायचं नाही. मानधन म्हणायचं. मान आणि धन. मैत्रिणींनो, गावात मान किती आणि हातात धन किती, ते तुमचं तुम्ही सांगा. आशाताईंना तर मानधनाच्या जोडीला कामागणिक मोबदला. एक बाळंतपण, एक लसीकरण, एकेक काम सुटं करून त्याची किंमत. शाळेत आहार शिजवणाऱ्या बाईलाही मानधनच. शिक्षकाला पगार, अन्न शिजवणारीला मानधन. शाळा एकच, पोरं तीच.

दिवाळीला राज्य सरकार अंगणवाडीच्या बायांना एक रक्कम देतं. गेली काही वर्षं ती दोन हजार रुपये आहे. तिचं नाव काय? भाऊबीज भेट! कारखान्यातल्या कामगाराला बोनस, आणि आपल्याला भाऊबीज. बोनससाठी कायदा आहे, त्याच्यासाठी भांडता येतं. भाऊबीज कमी घातली म्हणून भावाशी कोण भांडणार? नातं मध्ये आणलं की हक्क बाजूला पडतो. हे कुणा एका सरकारचं नाही. सरकारं बदलली, शब्द तसाच राहिला.

आणि हे नुसतं शब्दांचं भांडण नाही, हेही सांगते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या एका खटल्यात म्हटलं की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत. मग गुजरातमधल्या बाया ग्रॅच्युइटीसाठी लढत लढत वर गेल्या. २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयानं निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या अर्थानं वेतनच आहे. बघा, एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसला आणि म्हातारपणाची पुंजी मागायचा रस्ता उघडला. तो रस्ता आपोआप चालून जात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडीच्या बाया संपावर गेल्या, थंडीत मोर्चे काढले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत ग्रॅच्युइटीही होती. निकाल कागदावर असतो. तो अंमलात आणायला पाय झिजवावे लागतात.

आता कायद्याकडे येते. घटनेच्या ३९व्या कलमात लिहिलंय की स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन मिळेल असं राज्यानं बघावं. त्यावरून १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. वेठबिगार बंद करणारा कायदाही त्याच साली झाला. २०१९ च्या वेतन संहितेत समान वेतनाचा कायदा सामावून घेतला गेला, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायद्याचं नाव बदललं तरी तत्त्व तेच आहे. सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला बाई म्हणून कमी पैसे देता येणार नाहीत.

यातली पळवाट कुठे आहे ते ओळखा. मालक काम सारखं ठेवत नाही. आईच्या कारखान्यात भाजणारे पुरुष आणि सोलणाऱ्या बायका, मग तुलना कुणाशी करणार? लावणीला बायका, जोताला पुरुष. कामाचं नाव वेगळं केलं की दर वेगळा करता येतो. ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईतल्या एका जहाज कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या. तिथं बायकांना 'लेडी स्टेनोग्राफर' म्हणायचे आणि पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार द्यायचे. कंपनीचं म्हणणं, ही वेगळी जागा आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. काम एकच असताना मागे 'लेडी' लावून पैसे कापता येणार नाहीत, हा त्या निकालाचा इत्यर्थ. कंपनीला परवडत नाही, ही सबबही चालली नाही. तेव्हा तुमच्याकडे कुणी 'बायलमाणसाचो दर' असं म्हणालं, तर त्याला विचारा, हा दर कामाचा आहे की बाईचा?

आणि आता 'घराकच' असलेल्या ताई. त्यांना कोण पगार देणार, असं तुम्ही म्हणाल. मलाही याचं तयार उत्तर देता येत नाही. नवऱ्यानं द्यावा का? म्हणजे तो मालक झाला. सरकारनं द्यावा का? म्हणजे घरकाम बाईचंच हे कायमचं ठरलं. यावर चळवळीतही मतभेद आहेत आणि ते असू देत. पण मोजायला काय हरकत आहे? २०१९ मध्ये सरकारनंच वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपैशाचं काम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, आणि जे पुरुष असं काम करतात ते ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, रोज, रविवार धरून.

या कामाची किंमत पैशांत होते, पण कधी माहीत आहे? बाई अपघातात मेल्यावर. गृहिणीचं काम धरून नुकसानभरपाई ठरवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये सांगितलं. चांगलं सांगितलं. पण त्याचा अर्थ असा होतो की ती जिवंत असेपर्यंत 'काही करत नाही', आणि मेल्यावर वकील उभा राहून सांगतो की ती इतक्या रुपयांचं काम करत होती.

एक शेवटची गंमत सांगते आणि थांबते. लॅटिन 'पाक्स' आणि आपला संस्कृत 'पाश' हे शब्द एकाच फार जुन्या धातूतून निघाले, असं भाषांचा अभ्यास करणारे मानतात. त्या धातूचा अर्थ बांधणं, पक्कं करणं. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, बांधून घेतलं, की शांतता होते. आणि एकानंच दुसऱ्याला बांधलं की तो पाश. पगार यातला कुठला, हे शब्द ठरवत नाही. देणाऱ्या-घेणाऱ्यांत काय ठरलंय, आणि ते ठरवताना बाई तिथं होती का, यावर ते आहे. म्हणून पगार मिळाला की सगळं झालं असंही नाही. पगार घेऊन येणाऱ्या कितीतरी जणी तो घरी आल्या आल्या दुसऱ्याच्या हातात ठेवतात. कपाटाची चावी कुणाकडे, पासबुक कुणाकडे, हा प्रश्न पगारानंतर सुरू होतो.

आता दुपारच्या गटचर्चेसाठी एक काम देते. प्रत्येकीनं आपल्या कालच्या दिवसाची कामं लिहायची, उठल्यापासून निजेपर्यंत. जिला लिहिता येत नाही तिनं सांगायची, शेजारणीनं लिहायची. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी. याचे पैसे मिळतात का, आणि मिळत असतील तर त्या पैशांना काय म्हणतात. रोज, हिशोब, मानधन, मोबदला, भेट, जे असेल ते. आणि मग गटात बोलायचं, यातल्या कुठल्या कुठल्या कामाचं कुणीतरी आपलं देणं लागतं.

सकाळचे तुमचे कागद मी परत आणलेत. पगाराचा रकाना पुन्हा एकदा बघा. आकडा लिहिता आला नाही तरी चालेल. पण 'लागू नाही' हे तेवढं खोडून टाका.